पदवीनंतरच्या वाटा



शालान्त परीक्षेचा निकाल लागला की घरोघर एकच प्रश्न ऐकू येतो : "आता पुढे काय?" ज्याला गणितात व शास्त्रात बरे गुण मिळाले असतील त्याच्यासाठी "इंजिनिअर हो" हे उत्तर वडीलमंडळींनी आधीच ठरवून ठेवलेले असते. परंतु इंजिनिअर झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पदवी म्हणजे मुक्कामाचे ठिकाण, तेथे पोचले की प्रवास संपला, अशी आपली एक समजूत आहे. तिच्याच जोडीला दुसरी समजूत अशी की, देशातील चारदोन नावाजलेल्या संस्थांत प्रवेश मिळाला तरच आयुष्याचे सोने होते. राज्याच्या विद्यापीठाची पदवी म्हणजे निरुपायाने पत्करलेली गोष्ट. ह्या दुसऱ्या समजुतीपायी कित्येक हुशार मुले सतराव्या-अठराव्या वर्षीच स्वतःला पराभूत मानू लागतात. म्हणून ह्या दोन्ही समजुती एका खऱ्या उदाहरणावर तपासून पाहणे अगत्याचे आहे.

हे उदाहरण आहे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे. मुळा-मुठेच्या संगमानजीक असलेली ही संस्था १८५४ साली निघाली, ती सरकारी बांधकाम खात्याला लागणारे दुय्यम दर्जाचे नोकर तयार करण्याच्या माफक हेतूने. पुढे ती मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली. काही काळ तिचे नाव 'कॉलेज ऑफ सायन्स' असे होते. १९११ साली ते 'कॉलेज ऑफ एंजिनिअरिंग' झाले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर तेथील विद्यार्थ्यांना त्या विद्यापीठाची पदवी मिळू लागली, आणि २०२२ साली ही संस्था स्वतःच राज्याचे एक विद्यापीठ बनली. तिच्यातून बाहेर पडलेल्या हजारो पदवीधरांपैकी पाच जणांच्या वाटा आपण पाहू. त्या एकाच दारातून निघतात, परंतु कोणतीही वाट दुसरीसारखी नाही.

नोकरी : पाणी अडविणारा आणि वाटणारा

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव बेळगावच्या मुलांना नव्याने सांगावयास नको. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठाणे आपल्याच गावी आहे. परंतु ज्यांचे नाव ह्या विद्यापीठाला दिले आहे ते स्वतः स्थापत्यशास्त्र शिकले पुण्यास, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी ह्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. बंगलोरास शिकवण्या करून त्यांनी शिक्षण चालविले व १८८१ मध्ये ते बी. ए. झाले. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती देऊन त्यांना पुण्यास पाठविले, आणि १८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एल. सी. ई. ह्या परीक्षेत ते पहिले आले. आजच्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीची ही पूर्वज परीक्षा होय.

लगेच १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांना सहायक अभियंत्याची जागा मिळाली. सुरुवात काही मोठ्या धरणाने झाली नाही. खानदेशात पांझरा नदीच्या पात्रातून पाण्याचा नळ पलीकडे न्यावयाचा, असे एक काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्याचे दिवस होते. काम थोडे पुढे ढकलावे असे तरुण विश्वेश्वरय्यांना वाटले, आणि त्यांनी तसे लिहिले. वरिष्ठांना ते रुचले नाही. तेव्हा पुराच्या अडचणी सोसून त्यांनी ते काम पार पाडले. नोकरीच्या पहिल्याच वर्षांत शिकलेला हा धडा पुस्तकात नव्हता.

पुढे सिंधमधील सक्करच्या पाणीपुरवठ्याचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. सिंधू नदीचे पाणी गढूळ. ते गाळण्यास मोठी यंत्रणा उभारावयाची तर खर्च परवडत नव्हता. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदविली. वाळूच्या थरांतून झिरपत येणारे पाणी तेथे आपोआप गाळले जाई. गाळणीचे काम त्यांनी नदीकडूनच करून घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध युक्ती खडकवासल्याची. धरणाची भिंत न वाढविता तलावात अधिक पाणी कसे साठवावे, हा तेथील प्रश्न होता. भिंतीवरून जादा पाणी वाहून जाण्याची जी जागा असते, तिला सांडवा म्हणतात. ह्या सांडव्यावर त्यांनी १९०३ च्या सुमारास स्वयंचलित दरवाजे बसविले. त्यामुळे तलावाची पातळी सुमारे आठ फुटांनी वर नेता आली. पुराचे पाणी ठरावीक पातळीवर पोचले की पाण्याच्याच भाराने हे दरवाजे उघडत, आणि पाणी उतरले की पुन्हा मिटत. मध्यरात्री पूर आला तरी दार उघडण्यास माणूस धावत जाण्याचे कारण उरले नाही. हीच पद्धत पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर व म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर वापरण्यात आली.

परंतु पाणी साठविले म्हणजे ते सर्वांना मिळते असे नाही. नीरा कालव्यावर त्यांना दिसले की, कालव्याच्या मुखाशी असलेले शेतकरी उसासाठी भरपूर पाणी घेतात आणि टोकाकडील शेते कोरडी राहतात. म्हणून त्यांनी शेतजमिनीचे गट पाडून त्यांत पिकांची पाळी ठरविण्याची 'ब्लॉक' पद्धत सुचविली. येथे प्रश्न चुना-दगडांचा नव्हता. तो न्यायाचा होता. तो सोडविणे हेही इंजिनिअराचे काम आहे, हे त्यांनी ओळखले होते.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात मुसी नदीला महापूर येऊन हैदराबादेत हजारो माणसे दगावली. निजाम सरकारने त्यांना बोलावून घेतले. शहराच्या वरच्या अंगास पाणी अडवून पुराचा जोर मोडावा, ही त्यांची मुख्य सूचना. तिच्यातूनच उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव पुढे बांधले गेले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि १९१२ ते १९१८ ह्या काळात दिवाण होते. १९५५ साली त्यांना 'भारतरत्न' मिळाले. नळ टाकण्यापासून राज्य चालविण्यापर्यंतचा हा प्रवास आहे. परंतु त्यातील प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर टेकलेली आहे.

लोकांपर्यंत पोचलेला जलअभियंता

ज्या वर्षी विश्वेश्वरय्यांना 'भारतरत्न' मिळाले, त्याच सुमारास पुण्याच्या त्याच महाविद्यालयातून माधव आत्माराम चितळे स्थापत्य अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. तेही सरकारी नोकरीत शिरले आणि त्यांनीही पाण्याचाच विषय धरला. राज्याच्या पाटबंधारे खात्यापासून निघून ते केंद्रीय जल आयोगाचे अध्यक्ष आणि नंतर केंद्र सरकारच्या जलसंपदा मंत्रालयाचे सचिव झाले. सेवानिवृत्तीनंतर सिंचन व जलनिस्सारण ह्या विषयांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे महासचिवपद त्यांनी सांभाळले.

१९९३ साली त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. ह्या पुरस्काराचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. तो काही एका भव्य धरणासाठी नव्हता. पाणी हा सरकारी खात्याचा विषय नसून प्रत्येक नागरिकाचा, किंबहुना शाळेतील मुलांचाही विषय आहे, ही जाणीव देशात रुजविण्याच्या प्रयत्नांचा त्यात मोठा वाटा होता. त्यांच्या पुढाकाराने दरवर्षी देशभर जलसंपदा दिन पाळला जाऊ लागला. मराठीतून त्यांनी पाण्यावर विपुल लिहिले आणि व्याख्याने दिली.

महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या दुसऱ्या जल व सिंचन आयोगाचे ते अध्यक्ष होते. त्या आयोगाचा अहवाल १९९९ मध्ये आला. जिल्हा-तालुक्यांच्या सीमा माणसांनी आखलेल्या असतात, पाणी त्या मानीत नाही. म्हणून पाण्याचा विचार नदीखोऱ्यांप्रमाणे करावयास हवा, हे सूत्र त्यात होते. पुढे २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडाले. तेव्हा कारणे शोधण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद चितळ्यांकडेच आले. हैदराबादचा पूर आणि मुंबईचा पूर ह्यांच्यामध्ये जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे. दोन्ही वेळी ज्या माणसाकडे उत्तर मागितले गेले, तो एकाच महाविद्यालयात घडलेला होता.

गणिताचा मागोवा घेणारा शिक्षक

आता वाट एकदम बदलते. १९५६ साली पुणे विद्यापीठाची दूरसंचार अभियांत्रिकीची पदवी घेऊन थॉमस कैलाथ बाहेर पडले. त्यांचे घराणे मूळचे केरळचे. जन्म (१९३५) आणि शालेय शिक्षण मात्र पुण्यातले. लहानपणापासून ओढ गणिताची. १९५७ मध्ये संशोधन-साहाय्यक म्हणून वेतन मिळण्याची सोय झाली आणि ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत गेले. १९६१ मध्ये तेथील विद्युत् अभियांत्रिकीची डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. १९६३ पासून त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापन केले.

त्यांच्या कामाचे स्वरूप थोडक्यात असे सांगता येईल. शनिवारच्या बाजारात कोणी आपल्याला हाक मारली, तर हजार आवाजांतून ती आपण नेमकी ओळखतो. तारेतून किंवा आकाशातून येणाऱ्या संदेशातही असाच गोंगाट मिसळलेला असतो. त्यातून खरा संदेश वेगळा कसा काढावा? कैलाथांनी विकसित केलेल्या एका पद्धतीचे मर्म असे : प्रत्येक नवीन निरीक्षणातून, आधीच्या माहितीवरून सांगता येण्याजोगा भाग वजा करावा, आणि जे खरोखर नवे उरेल तेवढ्याचाच विचार करावा. गणित अवघड आहे, पण विचार किती साधा आहे पाहा.

त्यांचा दुसरा विशेष म्हणजे ते एका विषयाला चिकटून बसले नाहीत. संदेशवहन, नियंत्रणशास्त्र, संकेतांवरील प्रक्रिया असे विषय ते साधारण दर दहा वर्षांनी बदलीत गेले. १९९० नंतर तर अर्धवाहकाच्या चकतीवर अतिसूक्ष्म रेषा कशा छापाव्यात, ह्या कारखान्यातील प्रश्नाला त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी हात घातला. प्रत्येक वेळी प्राध्यापकालाच पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. सत्तरांहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा 'लीनिअर सिस्टिम्स' हा ग्रंथ जगभर अभ्यासला गेला. २००७ साली विद्युत् अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सर्वोच्च सन्मानपदक आणि २००९ साली भारत सरकारचे 'पद्मभूषण' त्यांना लाभले.

किरणांचा शोधक

कैलाथांच्या मागून दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, त्याच महाविद्यालयातून चंद्रकुमार नारणभाई पटेल पदवीधर झाले. त्यांचा जन्म १९३८ सालचा, बारामतीचा. म्हणजे विसावे वर्ष ओलांडते न ओलांडते तोच ते इंजिनिअर झाले होते. स्टॅनफर्ड येथे १९६१ मध्ये डॉक्टरेट घेऊन ते न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत दाखल झाले.

१९६० साली पहिला लेसर तयार झाला होता. लेसर म्हणजे एकाच तरंगलांबीचा, एका दिशेने जाणारा अत्यंत एकवटलेला प्रकाश. परंतु त्या काळचे वायूंचे लेसर फार दुबळे होते. वायूच्या अणूंऐवजी रेणूंचा उपयोग करून पाहावा, असे पटेलांच्या मनात आले. रेणूतील अणू एकमेकांच्या संदर्भात कंप पावतात, आणि त्या कंपनांत ऊर्जा साठविता येते. त्यांनी कार्बन डायऑक्साइड घेतला. हा वायू तर आपण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर टाकतो. पुढे त्यांनी त्यात नायट्रोजन मिसळला. विजेच्या प्रवाहाने नायट्रोजनचे रेणू कंप पावू लागतात व ती ऊर्जा काही काळ धरून ठेवतात. ते कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंवर आदळले की ती ऊर्जा त्यांच्या स्वाधीन करतात, आणि तिचेच पुढे १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत रूपांतर होते. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या शोधामुळे पूर्वी कधी मिळाली नव्हती एवढी शक्ती लेसरातून मिळू लागली.

कारखान्यांत पत्रे कापण्यासाठी व सांधण्यासाठी हा लेसर वापरला जातो. शरीरातील पेशींत पाणी असते आणि पाणी हे किरण चटकन शोषून घेते. त्यामुळे शल्यवैद्याच्या हाती हीच किरणशलाका सुरीचे काम करते. पटेलांनी पुढे लेसरांच्या साहाय्याने हवेतील दूषित वायूंचे अत्यल्प प्रमाण मोजण्याच्याही पद्धती काढल्या. १९८९ मध्ये त्यांना विद्युत् अभियंत्यांचे तेच सर्वोच्च पदक मिळाले, जे अठरा वर्षांनी कैलाथांना मिळावयाचे होते. दोन वर्षांच्या अंतराने एकाच महाविद्यालयातून बाहेर पडलेले हे दोघे! १९९६ साली अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदकही पटेलांना लाभले.

कारखान्यातील पहिले पाऊल

ह्या चौघांची नावे वाचून आमच्या विद्यार्थिनी विचारतील, "आणि आम्ही?" त्यांच्यासाठी पाचवी वाट आहे. लीला पूनावाला ह्यांचा जन्म १९४४ साली सिंधमधील हैदराबादेत झाला. फाळणीनंतर निर्वासित म्हणून त्यांचे कुटुंब पुण्यास आले. १९६७ मध्ये त्यांनी पुण्याच्या ह्याच महाविद्यालयातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. मुलीने यंत्रशाळेत काम करावे, तेलकट हातांनी यंत्र उघडावे, ही कल्पनाच त्या वेळी पुष्कळांना सोसवत नसे. कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर म्हणून त्यांनी आरंभ केला. दूध व अन्य द्रव वेगळे करण्याची आणि उष्णता पोचविण्याची यंत्रे बनविणाऱ्या अल्फा लावल ह्या स्वीडिश कंपनीच्या भारतीय शाखेत पायरी पायरीने चढत त्या तिच्या प्रमुख झाल्या. १९८९ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. १९९० नंतरच्या दशकात त्यांनी मुलींच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देणारी संस्था काढली, आणि शेकडो मुलींना तिचा आधार मिळाला. जी वाट त्यांना एकट्याने चालावी लागली, ती इतरांसाठी रुंद करण्याचे काम त्यांनी केले.

ह्यातून काय घ्यावे?

ह्या पाच जणांपैकी मराठी घरात जन्मलेले एकटे चितळेच. बाकीच्यांची घरे वेगवेगळ्या भाषांची. कोणी म्हैसूरचे, कोणी केरळचे, कोणी गुजराती, कोणी सिंधचे. तरीही एका मराठी शहरातील सरकारी महाविद्यालयाने त्या सर्वांना सारखेच सामावून घेतले. घरची भाषा एक, गावाची दुसरी आणि उच्च शिक्षणाची तिसरी, अशा त्रिवेणीत वाढणाऱ्या आपल्या सीमाभागातील मुलांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आपली भाषा जपणे आणि दुसरीत प्रवीण होणे ह्यांत वैर नाही. चितळ्यांनी आंतरराष्ट्रीय आयोगाचे काम केले, आणि मराठी वाचकांसाठी मराठीत लिहिलेही.

दुसरी गोष्ट अशी की, विश्वेश्वरय्यांना म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती नसती, किंवा कैलाथांना परदेशातील साहाय्यकाची जागा मिळाली नसती, तर ह्या कथा कदाचित लिहिल्याच गेल्या नसत्या. राज्याचे विद्यापीठ समाजाच्या पैशावर चालते. त्याच्या पदवीधरावर समाजाचे जे ऋण असते, ते फेडण्याची रीत मात्र प्रत्येकाची वेगळी. कोणी कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत नेऊन ते फेडले, कोणी विद्यार्थी घडवून, कोणी शिष्यवृत्त्या देऊन.

आणि तिसरी गोष्ट. ह्या महाविद्यालयाचे सर्वच पदवीधर काही प्रसिद्ध झाले नाहीत. बहुतेकांची नावे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाहीत. ज्या पुलावरून आपण रोज जातो आणि ज्या पंपघरातून आपल्या नळाला पाणी येते, तेथे अशाच अनाम इंजिनिअरांची आयुष्ये खर्ची पडलेली असतात. तीही मोठी वाट आहे. पदवीने ह्या पाच जणांना कीर्ती दिली नाही. पदवीने त्यांना प्रश्नाकडे पाहण्याची, मोजण्याची आणि हाती घेतलेले तडीस नेण्याची सवय लावली. पुढचे त्यांनी आपल्या कष्टांनी मिळविले.

ही सवय लावून घेण्यास पदवीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. येत्या सुटीत एक काम करून पाहा. आपल्या घरातील नळाचे पाणी कोठून येते, ते शोधून काढा. राकसकोपच्या तलावातून की हिडकलच्या धरणातून? ते कोठे गाळले जाते, कोणत्या उंचीवर साठविले जाते, आणि तुमच्या गल्लीच्या शेवटच्या घरी ते पहिल्या घराइतकेच पोचते की नाही? वडीलधाऱ्यांना विचारा, स्वतः जाऊन पाहा, वहीत नकाशा काढा. शेवटच्या घरी पाणी कमी पोचत असेल, तर ते का, ह्याचे उत्तर मिळेपर्यंत वही मिटू नका.